आधी पावलं पाहा: चित्रांमधल्या उघड्या शरीराविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी चामोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय वीस. नागपूरला चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. कलेच्या इतिहासात आम्हाला नग्नचित्रांचा भाग आहे. दिवाळीत घरी पुस्तक उघडं राहिलं, बाबांनी ते पान पाहिलं, पुस्तक मिटलं आणि कपाटावर ठेवून दिलं. ओरडले नाहीत, पण तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. आई म्हणते, ‘याच्यासाठी पाठवलं होतं का तुले नागपूरले?’ मला त्यांना उत्तर द्यायचं आहे, पण माझ्याकडेच उत्तर नाही. चित्रकारांनी इतकी शतकं उघडं शरीर का काढलं? ही चित्रं पाहायची कशी? आणि गावात राहून मी हे शिकू शकते का?”

बेटा, तुझ्या पत्रातलं ‘माझ्याकडेच उत्तर नाही’ हे वाक्य मला फार आवडलं, म्हणून तिथूनच सुरू करतो. बाबांचं नंतर पाहू. जे आपल्यालाच नीट दिसलेलं नाही, ते दुसऱ्याला दाखवता येत नाही.

माझी चित्रकला झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांच्या पडद्यांवर सुरू झाली. वडशाच्या एका पेंटरच्या हाताखाली मी राजवाडा, जंगल, रस्ता असे पडदे रंगवायचो. पडद्यावर माणूस रंगवायची वेळ आली की सुरुवात थेट धोतर-लुगड्यापासून व्हायची. चुण्या आल्या, काठ आला, पदर आला, की बाई तयार. लुगड्याच्या आत अंग आहे की नाही हे कोणी विचारत नव्हतं, आणि रात्रीच्या दिव्यांत, लांबून, ते चालूनही जायचं. पुढे मुंबईत एक वर्ष शिकायला मिळालं. तिथे पहिल्यांदा मी लाइफ क्लासमध्ये, म्हणजे समोर विवस्त्र मॉडेल ठेवून चित्र काढण्याच्या वर्गात बसलो.

त्या वर्गाविषयी बाहेर जे बोललं जातं त्यातलं तिथे काहीच नसतं. चाळिशीची एक बाई होती. लाकडी चौथरा, मागे मळखाऊ रंगाचा पडदा, पंखा बंद, कारण वाऱ्यानं अंगावर काटा येतो. ती उभी राहिली की मदतनीस खाली बसून तिच्या पावलांभोवती चौथऱ्यावर खडूनं रेघ ओढायचा. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ती गाऊन अंगावर घेऊन खाली यायची, चहा प्यायची, पोटऱ्या चोळायची आणि परत जाऊन त्या खडूच्या रेघांत पावलं बसवायची. पावलं बसली की कंबर, खांदे, मान, सगळं आपोआप पहिल्या जागी यायचं. हे आठवडाभर पाहिल्यावर माझ्या डोक्यात शिरलं की शरीर खालून वर रचलेलं असतं, घरासारखं.

माझं पहिलं चित्र पाहून सर एवढंच म्हणाले, “ही तरंगते आहे.” मग त्यांनी मला दोऱ्याला पेनाचं टोपण बांधून ओळंबा करायला लावला. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल, तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला दोरा त्या पायाच्या घोट्यापाशी उतरतो. माझ्या चित्रात तो दोन पायांच्या मधे, हवेत उतरत होता. ते दुरुस्त केलं तर सरांनी टाचेवर बोट ठेवलं. “हे कुणाचे पाय?” मी टाच गुळगुळीत काढली होती, पडद्यावरच्या लक्ष्मीची असते तशी. मान वर करून पाहिलं, तर त्या बाईच्या टाचांना भेगा होत्या, खोल आणि काळ्या. माझ्या आईच्या रोवण्यानंतर, म्हणजे धानाच्या लावणीनंतर असतात तशा. मी टाच पुसली आणि भेगांसकट पुन्हा काढली. टाच खरी झाली तशी पोटरी खोटी दिसायला लागली, म्हणून तीही पुसली. मग गुडघा. दुपारपर्यंत सगळं चित्र खालून वर नवं झालं होतं.

म्हणून माझं सांगणं असं, की उघड्या अंगाचं चित्र समोर आलं की आधी पावलं पाहा. भार कुठे पडलाय, जमिनीनं तो घेतलाय का, हे शोध. ते सापडलं की चित्रकार त्या शरीराला माणूस मानतोय की नुसती नजरेला द्यायची वस्तू, हे तुला बऱ्याचदा तिथेच कळेल. मी हे पुस्तकातून शिकलो नाही, पण पुढे पुस्तकं वाचली तेव्हा इतिहासात जागोजागी तेच सापडलं.

फ्लॉरेन्समधल्या ब्रांकाची चॅपेलमध्ये मसाचोनं सुमारे 1425 मध्ये स्वर्गातून हाकललेले आदम आणि ईव्ह रंगवले. आदमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय. अंग झाकायचं त्याला भानही नाही. ईव्ह हातांनी अंग झाकते आहे आणि तोंड वर करून रडते आहे. दोघं चालताहेत आणि पावलं जमिनीवर पडताहेत. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी वासारीनं चित्रकारांची चरित्रं लिहिली, त्यात मसाचोची थोरवी सांगताना त्यानं हेच धरलं: आधीच्या चित्रकारांची माणसं चवड्यांवर उभी असल्यासारखी दिसायची, यानं त्यांना पायांवर उभं केलं. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस कोणीतरी या दोघांच्या कमरेवर पानं रंगवली. ती 1980 च्या दशकात भिंत स्वच्छ करताना काढली गेली. पानं असतानाचा आणि नसतानाचा, असे दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा. पानं असताना नजर पहिल्यांदा पानांवरच जाते. पानं गेल्यावर ती रडण्यावर जाते.

मायकेलअँजेलोचं एक रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, लाल खडूतलं. सिस्टीन चॅपेलच्या छतावर (1508 ते 1512) त्यानं ज्या भविष्यवेत्त्या स्त्रिया रंगवल्या, त्यातल्या लिबियन सिबिलसाठी केलेला हा अभ्यास. समोर मॉडेल पुरुष होता. छतावर गेल्यावर त्या आकृतीला स्त्रीचे कपडे मिळाले. कागदावर मोठी पाठ आहे, त्यातला प्रत्येक स्नायू शोधलेला आहे. आणि कडेला खाली त्यानं डाव्या पायाचा अंगठा आणि बोटं परत परत काढली आहेत. सिबिल मोठा ग्रंथ उचलून वळते आहे, सगळा भार त्या बोटांवर आला आहे. एवढ्या प्रचंड छतावर, इतक्या उंचावर, खालून कोणाला अंगठा दिसणार होता? पण अंगठा दाबला गेला नसता तर पाठ खोटी पडली असती, हे त्याला माहीत होतं. तुला कोणी विचारलं की कपडे घालायचेच होते तर आधी उघडं का काढलं, तर हा कागद दाखव. युरोपच्या चित्रशाळांत शेकडो वर्षं हीच शिस्त होती: आधी हाडं, मग मांस, मग कापड.

आता उलटं उदाहरण. बोत्तिचेल्लीचा ‘व्हीनसचा जन्म’, सुमारे 1485. शिंपल्यावर उभी असलेली ती व्हीनस तू पाहिली असशील. तिथे ओळंबा लाव. ती एका बाजूला इतकी कललेली आहे की खरी बाई अशी उभी राहिली तर पाण्यात पडेल. पण बोत्तिचेल्लीला तिला उभी करायचीच नव्हती. ती वाऱ्यावर आलेली देवी आहे, आणि रेषेचा तो झोक त्यानं जाणून ठेवला आहे. म्हणजे भार नसणं हा दर वेळी दोष नसतो. भार का नाही, ते विचारायचं. ॲंग्रच्या 1814 च्या पहुडलेल्या दासीबद्दल, ‘ग्रांद ओदालिस्क’बद्दल, त्या काळचे टीकाकार म्हणाले की हिच्या पाठीला मणके जास्त आहेत. खरंच, ती पाठ कोणत्याही माणसाची नाही. तिथे मला बोत्तिचेल्लीसारखं मोकळं वाटत नाही. एका माणसाच्या डोळ्यांना सुखावावं म्हणून बाईची पाठ ताणली आहे असं वाटतं. हे माझं मत. तुझं वेगळं असू शकतं, पण ते पाठीचे मणके मोजून बनव.

ज्या चित्रापुढे मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला ते रेम्ब्रांचं ‘बाथशेबा’, 1654, पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. मी ते छापील पानावरच पाहिलंय, पण ते पान आता हाताळून हाताळून मऊ पडलंय. गोष्ट बायबलमधली: दाविद राजानं दुसऱ्याची बायको स्नान करताना पाहिली आणि तिला बोलावणं पाठवलं. दुसरे चित्रकार तिथे राजा दाखवतात, गच्ची दाखवतात, चोरून पाहणं दाखवतात. रेम्ब्रांनं राजा काढलाच नाही. बाथशेबा बसली आहे, हातात पत्र आहे, वाचून झालंय. खाली एक म्हातारी तिचं पाऊल पुसते आहे. पोट थोडं सुटलेलं, मांडी जड, मान खाली. तिला जावंच लागणार आहे हे तिला कळलंय, आणि तिचं सगळं वजन त्या बैठकीवर असं बसलंय की आपल्यालाही ते जाणवतं. या चित्रात कपडे घातले असते तर पत्राचा अर्थ निम्मा झाला असता. तिच्या अंगावर आता दुसऱ्याचा हक्क सांगितला जाणार आहे, म्हणून ते अंग आपल्याला दिसायला हवं. उघडं शरीर का काढतात याचं याहून खरं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पावलांनंतर दुसरी गोष्ट नजरेची. हे तुला मुलगी म्हणून जास्त लवकर दिसेल. तिशियनची ‘उर्बिनोची व्हीनस’, 1538: ती पाहणाऱ्याकडे पाहते, पण मवाळपणे, पायाशी कुत्रं झोपलंय. एदुआर माने या फ्रेंच चित्रकारानं तीच मांडणी घेऊन 1863 मध्ये ‘ऑलिंपिया’ रंगवलं आणि 1865 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ते लागलं, तेव्हा लोक खवळले. उघड्या अंगाची चित्रं त्याच प्रदर्शनात भिंतीभर होती, त्यांना देवी-अप्सरांची नावं होती. इथे मात्र आपल्या काळातली, पैसे मोजून भेटावी लागणारी बाई होती, गळ्यात काळी फीत, एका पायातली चप्पल गळून पडलेली, आणि ती थेट गिऱ्हाइकाकडे पाहत होती. ते गिऱ्हाईक म्हणजे चित्रासमोर उभा असलेला माणूस. चित्र सांभाळायला पहारा ठेवावा लागला आणि शेवटी ते उंचावर नेऊन टांगलं.

सुझानाची गोष्टही अशीच. स्नान करणाऱ्या बाईला दोन म्हातारे धमकावतात, ही बायबलच्या परंपरेतली कथा. तिंतोरेत्तोची सुझाना आरशात रमली आहे, आणि पाहणारा तिसरा म्हातारा होऊन जातो. आर्तेमिसिया जेंतिलेस्की या स्त्री चित्रकारानं 1610 मध्ये तीच कथा रंगवली. तिची सुझाना दगडी बाकावर पिळवटून बसली आहे, हात वर करून त्यांना ढकलते आहे, चेहरा वळवलेला. कथा तीच, उघडं अंग तेच. दोन्ही चित्रं एका दुपारी शेजारी ठेवून पाहा आणि वहीत लिही.

आणि हेही माहीत असू दे, की ज्या लाइफ क्लासबद्दल मी वर सांगितलं त्याचं दार बायकांना फार काळ बंद होतं. लंडनची रॉयल अकादमी 1768 मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. झोफनी या चित्रकारानं अकादमीच्या लाइफ क्लासचं चित्र काढलं, त्यात सगळे पुरुष मॉडेलभोवती उभे आहेत, आणि या दोघी? त्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरी म्हणून आहेत, कारण विवस्त्र मॉडेलसमोर बाई उभी दाखवणं चालत नव्हतं. तिथल्या विद्यार्थिनींना अशा वर्गात बसायला मिळायला 1890 चं दशक उजाडलं, तेही मॉडेलच्या कमरेला कापड गुंडाळून. ज्यांना शरीर शिकू दिलं नाही त्यांना मग सांगितलं गेलं, तुम्ही फुलंच छान काढता. तू वर्गात बसशील तेव्हा तुझ्या शेजारी त्या सगळ्या बसलेल्या असतील.

आता आपल्याकडे येतो. ‘हे सगळं परदेशी खूळ’ असं कोणी म्हणालं तर भांडू नकोस, वाशीमचं नाव घे. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचं सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं कोरवून घेतलं, तसा लेख तिथे आहे. पाचव्या शतकातली गोष्ट. म्हणजे अजिंठ्याच्या भिंती रंगवणाऱ्यांना पोसणारं राज्य आपल्या विदर्भातलं. त्या भिंतींवर राण्या, दासी, अप्सरा आहेत, कमरेच्या वर उघड्या, खाली झिरझिरीत वस्त्र आहे म्हणून दोन-तीन रेघा. आणि भिंत कसली, तर बौद्ध भिक्षूंच्या विहाराची.

पण इथे घाई करू नकोस. ‘आपल्याकडेही नग्नचित्रं होतीच’ एवढं म्हणून थांबणारे लोक मला अर्धवट वाटतात. आपली रीत वेगळी होती. आपल्या चित्रकारानं मॉडेल उभी करून, ओळंबा लावून शरीर काढलं नाही. तो तालमानानं काढायचा: बारा अंगुळांचा एक ताल, आणि उत्तम आकृती नऊ तालांची, म्हणजे 108 अंगुळांची. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छटा देण्याच्या तीन पद्धती सांगितल्या आहेत, पत्रज (पानाच्या शिरांसारख्या रेघांनी), ऐरिक (अगदी बारीक रेघांनी) आणि बिंदुज (ठिपक्यांनी). उजेड एका खिडकीतून आलाय असं अजिंठ्यात दिसत नाही. गोलाई आतून फुलून येते. अलंकारही काढून घेतलेले नसतात. हार, मेखला, केसांतली फुलं अंगाचाच भाग असतात. म्हणून अजिंठ्यातली बाई ‘कपडे काढलेली’ वाटत नाही. भार मात्र आहे! त्रिभंगात कंबर एका बाजूला जाते, दुसरा पाय सैल पडतो. रीत निराळी असूनही त्या माणसांनी पावलं नीट पाहिली होती. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स सरांच्या हाताखाली 1872 ते 1885 या काळात लेण्यांत बसून या चित्रांच्या नकला केल्या. जे. जे. मध्ये लाइफ क्लास सुरू झाला तो मात्र बराच उशिरा, 1919 च्या सुमारास, ग्लॅडस्टन सॉलोमन प्राचार्य असताना.

कारंजा लाड, मुक्तागिरी ही नावं तुझ्या घरात माहीत असतील. मुक्तागिरी परतवाड्याहून जवळ. तिथे दिगंबर तीर्थंकरांच्या मूर्तींपुढे आयाबाया लेकरं घेऊन हात जोडतात आणि कोणाच्या मनात काही येत नाही. यातल्या उभ्या मूर्ती कायोत्सर्गात असतात: हात सरळ खाली सोडलेले, कुठेही झोक नाही, दोन्ही पावलांवर सारखा भार. ग्रीकांनी भार एका पायावर टाकून शरीराला हालचाल दिली. जैन शिल्पकारानं तो दोन्हीवर समान ठेवून हालचाल थांबवली. ज्याला आता कुठेच जायचं नाही, असा माणूस. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर तर अठ्ठावन्न फुटांच्या आसपास, दहाव्या शतकातला. त्याच्या पावलांपाशी ‘श्री चामुंडरायें करवियलें’ ही ओळ कोरलेली आहे, मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव ओळींपैकी एक. आपल्या भाषेतली इतकी जुनी ओळ दगडावर उमटली ती एका विवस्त्र मूर्तीच्या पायाशी. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

मग बाबांना इतकं का लागलं? मला वाटतं त्यांचा राग समजून घ्यायला हवा. त्यांनी उघडं शरीर पाहिलंय ते मोबाइलवर आलेल्या घाणीत, आणि मुलगी त्या वाटेला जाईल अशी भीती त्यांना वाटली. चित्र आणि ती घाण यांतला फरक कोणी त्यांना दाखवलाच नाही. शिकलेल्यांनाही तो दिसत नाही. एका तालुक्याच्या गावी मी एकदा प्रदर्शनात कोळशाची दोन चित्रं दिली होती. एक म्हाताऱ्या मजुराची उघडी पाठ, एक बाईची उघडी पाठ. तोच कागद, तोच कोळसा, दोन्ही पाठी कष्टानं वाकलेल्या. संध्याकाळी दुसरं चित्र उतरवून, पोत्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. कारण कोणी सांगितलं नाही. ते पोतं सायकलला बांधून घरी येताना मला रडू आलं होतं, आणि आज लिहितानाही ते दुखतं.

झाकण्याची ओढ जुनी आहे. मायकेलअँजेलोचा ‘अंतिम न्याय’ 1541 मध्ये पुरा झाला, आणि तो गेल्यावर 1565 मध्ये त्याच्याच परिचयातल्या दानिएले दा व्होल्तेराला आकृत्यांवर वस्त्रं रंगवायला लावली. लोकांनी त्याला ‘चड्ड्या शिवणारा’ असं नाव पाडलं. आपल्याकडे चित्रकार अकबर पदमसींची ‘प्रेमी’ ही चित्रं 1954 मध्ये जहांगीर कलादालनात लागली, पोलीस आले, खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. सत्तर वर्षांनी, 2024 च्या ऑक्टोबरमध्ये, मुंबई उच्च न्यायालयापुढे पदमसी आणि चित्रकार सूझा यांच्या सात कलाकृती आल्या. कस्टम्सनं त्या अश्लील म्हणून जप्त केल्या होत्या. न्यायालयानं तो आदेश रद्द केला, नग्नता म्हणजे अश्लीलता असं सरसकट धरता येणार नाही म्हणून. जुन्या दंडविधानाच्या 292 कलमात, आणि आता न्याय संहितेच्या 294 मध्ये, कलेसाठी आणि प्राचीन देवळांवरच्या शिल्पांसाठी सूट दिलेली आहे. हे माहीत असावं, पण घरात कायदा काढू नकोस. बापाला कलम सांगून काही होत नाही.

तुझा तिसरा प्रश्न: गावात राहून कसं शिकायचं. विवस्त्र मॉडेल गावात ठेवायचं नाही. ते शिक्षणसंस्थेत, शिक्षकांसमोर, मॉडेलच्या पूर्ण संमतीनं आणि ठरलेला मोबदला देऊनच. त्या वर्गात मोबाइल बाहेर राहतो, मॉडेलचं नाव बाहेर जात नाही, आणि ती किंवा तो विश्रांतीला उतरला की आपण नजर कागदावर ठेवायची. गावातली मजूर बाई, बहीण, मैत्रीण, कोणालाही पैशानं किंवा भिडेनं बसवायचं नाही. भीड ही संमती नव्हे.

पण गावात जे उघड्यावर आहे तेच एका जन्मात पुरणार नाही. रोवण्याच्या दिवसांत बांधावर बस आणि नुसती गुडघ्यापासून खालचे पाय काढ. चिखलात भार कसा खोल जातो, पाऊल उपसताना पोटरी कशी ताणते, ते कोणत्याही लाइफ क्लासमध्ये मिळत नाही. तालमीतली पोरं काढ, नदीवर आंघोळ करणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पाठी काढ, त्यांना विचारून. फ्रान्सच्या अकादमीतही दीर्घकाळ पुरुष मॉडेलच असायचे, तेव्हा त्यात कमीपणा काही नाही. घरी आरसा आहे, स्वतःचा हात आहे, पाय आहे, खांदा आहे. अमृता शेरगिलनं पॅरिसमध्ये शिकत असताना आणि त्यानंतरही किती वेळा स्वतःलाच समोर बसवलं. 1934 मध्ये तिनं स्वतःला अर्धअनावृत, ताहितीच्या स्त्रीच्या रूपात रंगवलं. पुरुष चित्रकारांनी दूर देशीच्या बायका जशा रंगवल्या, तशी तिथे ती स्वतः उभी राहिली, आणि नजर मात्र आपल्याला दिली नाही.

रंगाचं एक सांगतो, कारण दुकानात चूक तिथेच होते. ‘फ्लेश टिंट’ नावाची ट्यूब घेऊ नकोस. ती गुलाबी असते, आपल्याकडे ते अंग कोणाचंच नाही. येलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि किंचित अल्ट्रामरीन एवढ्यावर सुरू कर. सावली काळ्यानं कधी करू नकोस, अंग मेलेलं दिसतं. जुने इटालियन चित्रकार अंगाखाली हिरव्या मातीचा थर द्यायचे आणि वर उबदार रंग चढवायचे, म्हणून सावलीतला गारवा आपोआप यायचा. जिथे वरचा थर झिजलाय तिथे त्यांच्या संतांचे चेहरे आज हिरवट दिसतात. आपल्या उन्हात आणखी एक गोष्ट घडते: तापलेल्या जमिनीवरून उजेड परत वर येतो आणि हनुवटीखाली, दंडाच्या आतल्या बाजूला तांबूस पडतो. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता अंगणात बसलेल्या आज्जीच्या हातावर बघ.

आणि बाबा. पुस्तक परत मागू नकोस, वाद घालू नकोस. तुमच्या गावाहून मार्कंडा लांब नाही. ते तिथे महाशिवरात्रीच्या जत्रेला दर वर्षी जात असणार, वैनगंगेत आंघोळ करत असणार, पण जत्रेच्या गर्दीत देवळाच्या भिंती कोण पाहतं? जत्रा नसताना एखाद्या सकाळी त्यांना घेऊन जा. आईलाही घे. नऊच्या आत पोहोचा, तोवर ऊन तिरपं असतं आणि दगडावरची गोलाई उठून दिसते. दर्शन आधी घ्या. मग बाहेरच्या भिंतीवर ज्या सुरसुंदरी (कोरलेल्या सुंदर स्त्रियांच्या मूर्ती) आहेत, त्यातल्या कोणत्याही एकीसमोर थांब आणि काही समजावू नकोस. फक्त विचार, “बाबा, हिचा भार कोणत्या पायावर आहे?” त्यांनी आयुष्यभर धानाची पोती उचलली आहेत. ते एका क्षणात सांगतील, आणि बहुधा स्वतः तसे उभे राहून दाखवतील. तेव्हा वही काढ आणि त्यांची पावलं काढ, टाचेच्या भेगांसकट. पेन्सिल चार-बी घे, दगडावर बसायचं तर खाली पोतं ने, आणि पाणी घरूनच भरून घेऊन जा.